कॅसिनी-हायगेन्स

कॅसिनी-हायगेन्स ही शनी ग्रह, त्याची कडी आणि त्याचे उपग्रह यांच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आलेली मानवरहित अंतराळ मोहीम होती. अमेरिकेची नासा, युरोपीय अंतराळ संस्था (ईसा) आणि इटलीची अंतराळ संस्था यांनी ती संयुक्तपणे राबवली. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रक्षेपित झालेले हे यान १ जुलै २००४ रोजी शनीच्या कक्षेत शिरले. तेरा वर्षांहून अधिक काळ शनीभोवती फिरल्यानंतर १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते हेतुपुरस्सर शनीच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले. शनीभोवती प्रदक्षिणा घालणारे हे पहिलेच यान होते. त्याच्यासोबत गेलेले हायगेन्स हे उपयान १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरले. बाह्य सूर्यमालेतील एखाद्या पिंडाच्या पृष्ठभागावर उतरलेले ते पहिले आणि आजवरचे एकमेव यान आहे.

मोहिमेची आखणी प्रामुख्याने शनी व टायटन यांना समोर ठेवून झाली होती. मात्र तिचा सर्वांत अनपेक्षित शोध एन्सेलाडस या लहानशा उपग्रहावर लागला. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली द्रवरूप पाण्याचा महासागर असल्याचे पुरावे यानाने गोळा केले आणि यानाचा शेवट कसा करावा, या निर्णयामागेही हाच शोध होता.

== पार्श्वभूमी ==

मोहिमेला सतराव्या शतकातील दोन खगोलशास्त्रज्ञांची नावे देण्यात आली. डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५५ मध्ये टायटनचा शोध लावला. मूळचे इटलीचे आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झालेले जोव्हानी डोमेनिको कॅसिनी यांनी आयापिटस, रिया, टेथिस व डायोनी हे चार उपग्रह शोधले. शनीच्या कड्यांमधील मोठी फटही त्यांनीच १६७५ मध्ये नोंदवली. ती आज 'कॅसिनी विभाग' या नावाने ओळखली जाते.

कॅसिनीपूर्वी शनीजवळ तीन याने जाऊन आली होती : पायोनियर ११ (१९७९), व्हॉयेजर १ (१९८०) आणि व्हॉयेजर २ (१९८१). ही तिन्ही याने ग्रहाजवळून पुढे निघून गेली. त्यामुळे त्यांना जवळून निरीक्षणासाठी मोजकेच दिवस मिळाले. व्हॉयेजर १ मुद्दाम टायटनच्या जवळून नेण्यात आले, परंतु त्याच्या कॅमेऱ्यांना नारिंगी धुक्याच्या जाड थरापलीकडे काहीही दिसले नाही. व्हॉयेजर २ ने पाठवलेल्या छायाचित्रांत एन्सेलाडसचा काही पृष्ठभाग आश्चर्यकारकरीत्या गुळगुळीत आणि विवरविरहित दिसला. याचा अर्थ तो भाग भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण होता, पण इतक्या लहान व थंड पिंडावर तो तरुण कसा राहिला याचे उत्तर मिळाले नाही. अशा प्रश्नांच्या उकलीसाठी शनीजवळ दीर्घकाळ थांबणाऱ्या यानाची गरज होती.

नासा आणि ईसा यांच्या संयुक्त मोहिमेची कल्पना १९८० च्या दशकात आकाराला आली. खर्चकपातीमुळे १९९२ मध्ये यानाचा आराखडा सोपा करण्यात आला. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये निधीबाबत पुन्हा प्रश्न उपस्थित झाले, तेव्हा ईसाच्या प्रमुखांनी अमेरिकेच्या उपाध्यक्षांना पत्र लिहून मोहीम रद्द न करण्याचा आग्रह धरला. आंतरराष्ट्रीय भागीदारी हे मोहीम टिकून राहण्याचे एक महत्त्वाचे कारण ठरले.

== यानाची रचना ==

हायगेन्स व इंधनासह यानाचे प्रक्षेपणाच्या वेळचे वस्तुमान सुमारे ५,७०० किलोग्रॅम आणि उंची ६.८ मीटर होती. वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा होता. यानाच्या टोकाला इटलीने पुरवलेला ४ मीटर व्यासाचा अँटेना होता. पृथ्वीशी संपर्क साधणे हे त्याचे मुख्य काम होते. धोकादायक भागांतून जाताना यानाच्या पुढे ढालीसारखाही त्याचा उपयोग करण्यात आला.

शनीजवळ सूर्यप्रकाशाची तीव्रता पृथ्वीच्या तुलनेत सुमारे एक शतांश असते. तत्कालीन सौर पट्ट्यांतून तेथे पुरेशी वीज मिळणे शक्य नव्हते. म्हणून प्लुटोनियम-२३८ च्या किरणोत्सारी क्षयातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे विजेत रूपांतर करणारी तीन जनित्रे यानावर बसवण्यात आली. त्यांमध्ये सुमारे ३३ किलोग्रॅम प्लुटोनियम होते.

मुख्य यानावर १२ आणि हायगेन्सवर ६ वैज्ञानिक उपकरणे होती. मुख्य यानावरील उपकरणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात :

* दुरून निरीक्षण करणारी उपकरणे : दृश्य, अवरक्त व अतिनील प्रकाशात काम करणारे कॅमेरे आणि वर्णपटमापक. यांतून पृष्ठभागाची रचना, रासायनिक घटक व तापमान समजत असे.
* जागेवर मोजमाप करणारी उपकरणे : चुंबकीय क्षेत्रमापक, धूलिकण विश्लेषक आणि वायूंचे रेणू ओळखणारा वस्तुमान वर्णपटमापक. यान ज्या भागातून जाई, तेथील कण व क्षेत्रे ही उपकरणे तपासत.
* रेडिओलहरींवर आधारित उपकरणे : धुक्याच्या आरपार पाहणारे रडार आणि संदेशांच्या वारंवारितेतील सूक्ष्म बदलांवरून गुरुत्वाकर्षण मोजणारी यंत्रणा.

सोप्या केलेल्या आराखड्यात कॅमेरे फिरवणारा स्वतंत्र मंच वगळण्यात आला होता. उपकरणे यानाच्या सांगाड्यालाच जोडलेली असल्यामुळे छायाचित्र घेण्यासाठी संपूर्ण यान वळवावे लागे आणि माहिती पाठवण्यासाठी ते पुन्हा पृथ्वीच्या दिशेने फिरवावे लागे. त्यामुळे निरीक्षणाचा प्रत्येक तास वेगवेगळ्या शास्त्रीय गटांमध्ये वाटून घ्यावा लागत असे.

== प्रक्षेपण आणि प्रवास ==

फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथून टायटन ४-बी या अग्निबाणाद्वारे यानाचे प्रक्षेपण झाले. यानावरील प्लुटोनियममुळे प्रक्षेपणाला विरोधही झाला. अपघात झाल्यास किरणोत्सारी पदार्थ वातावरणात पसरेल, अशी आंदोलकांची भीती होती. जनित्रांतील इंधन अपघातातही सुरक्षित राहील अशा आवरणांत ठेवले असल्याची भूमिका नासाने घेतली.

एवढ्या जड यानाला थेट शनीकडे पाठवण्याइतका वेग अग्निबाण देऊ शकत नव्हता. म्हणून 'गुरुत्वीय साहाय्य' या पद्धतीचा अवलंब करण्यात आला. यान एखाद्या ग्रहाच्या मागच्या बाजूने जवळून गेले की ग्रहाच्या सूर्याभोवतीच्या गतीचा अत्यल्प अंश यानाला मिळतो आणि इंधन न जाळता यानाचा सूर्यसापेक्ष वेग वाढतो. कॅसिनीने असे साहाय्य शुक्राकडून दोनदा (एप्रिल १९९८ व जून १९९९), पृथ्वीकडून एकदा (१८ ऑगस्ट १९९९) आणि गुरूकडून एकदा (३० डिसेंबर २०००) घेतले. शनीपर्यंतचा हा वळणावळणाचा मार्ग सुमारे ३.५ अब्ज किमी लांबीचा होता.

१ जुलै २००४ रोजी यानाने आपले मुख्य इंजिन सुमारे ९६ मिनिटे चालवून वेग कमी केला आणि ते शनीच्या गुरुत्वाकर्षणात बद्ध झाले. त्या वेळी रेडिओसंदेश पृथ्वीवर पोहोचण्यास ८० हून अधिक मिनिटे लागत होती. त्यामुळे या काळात काही बिघाड झाला असता, तर पृथ्वीवरून हस्तक्षेप करणे शक्य नव्हते. आज्ञांचा संपूर्ण क्रम आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवला होता. बिघाड ओळखून स्वतःला सावरण्याची क्षमताही त्या संगणकाला देण्यात आली होती.

== हायगेन्सचे अवतरण ==

=== संपर्क यंत्रणेतील दोष ===

हायगेन्सकडून येणारे संदेश आधी कॅसिनीने ग्रहण करायचे आणि मग पृथ्वीकडे पाठवायचे, अशी योजना होती. फेब्रुवारी २००० मध्ये ईसाचे अभियंते बोरिस स्मेड्स यांच्या पुढाकाराने पृथ्वीवरून नकली संदेश पाठवून या यंत्रणेची चाचणी घेण्यात आली. तीत एक गंभीर दोष उघड झाला. दोन यानांमधील सापेक्ष वेगामुळे संदेशाची वारंवारिता बदलते. यास डॉप्लर परिणाम म्हणतात. त्याच परिणामामुळे संदेशातील अंकांची लयही बदलते. कॅसिनीवरील ग्राहक यंत्रणा वारंवारितेतील बदल सांभाळू शकत होती, परंतु अंकांच्या लयीतील बदल तिला हाताळता येत नव्हता. मूळ योजनेप्रमाणे अवतरण झाले असते, तर हायगेन्सने पाठवलेली बरीचशी माहिती वाचताच आली नसती. ग्राहक यंत्रणेतील आज्ञावली उड्डाणानंतर बदलण्याची सोयही नव्हती.

यंत्रणा बदलता येत नसल्यामुळे यानाचा मार्ग बदलण्यात आला. अवतरणाच्या वेळी कॅसिनी टायटनपासून सुमारे १,२०० किमीऐवजी ६०,००० किमी अंतरावरून जाईल, अशी नवी आखणी झाली. त्यामुळे दोन यानांमधील अंतर बदलण्याचा वेग, आणि पर्यायाने डॉप्लर परिणाम, सुसह्य मर्यादेत आला. अवतरणाची तारीख नोव्हेंबर २००४ वरून जानेवारी २००५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

=== टायटनच्या पृष्ठभागावर ===

२५ डिसेंबर २००४ रोजी मुख्य यानापासून विलग झालेले हायगेन्स १४ जानेवारी २००५ रोजी टायटनच्या वातावरणात शिरले. हवाई छत्र्यांच्या साहाय्याने सुमारे अडीच तासांत ते पृष्ठभागावर पोहोचले. उतरल्यानंतरही कॅसिनी क्षितिजाखाली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ७२ मिनिटे, त्याचे संदेश मिळत राहिले.

उतरताना घेतलेल्या छायाचित्रांत नद्यांच्या जाळ्यासारखे प्रवाहमार्ग दिसले. अवतरणस्थळी गोलसर झालेले बर्फाचे गोटे विखुरलेले होते. वाहत्या द्रवाने गोटे घासले गेल्याची ही खूण होती. तेथील तापमान सुमारे उणे १७९ अंश सेल्सियस आणि वातावरणाचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट नोंदवला गेला. यानाच्या उष्णतेने तापलेल्या जमिनीतून मिथेन वायू बाहेर पडल्याचेही आढळले.

हायगेन्सचे संदेश दोन वाहिन्यांवरून येणार होते. मात्र कॅसिनीवरील एका ग्राहकाला सुरू होण्याची आज्ञा देण्याचे राहून गेल्याने एका वाहिनीवरील माहिती, त्यांत सुमारे ३५० छायाचित्रे, मिळू शकली नाही. टायटनवरील वाऱ्यांचे मोजमापही याच वाहिनीवर अवलंबून होते. परंतु पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणींनी हायगेन्सचा अतिशय क्षीण संदेश थेट टिपला होता, त्यावरून वाऱ्यांचा वेग काढता आला.

== प्रमुख शोध ==

=== टायटन ===

कॅसिनीने टायटनजवळून १२७ नियोजित उड्डाणे केली. प्रत्येक उड्डाणात रडारने पृष्ठभागाची एक अरुंद पट्टी टिपली आणि या पट्ट्या जोडून नकाशा तयार होत गेला. विषुववृत्ताजवळ कार्बनी कणांच्या वाळूच्या लांबच लांब टेकड्या आढळल्या. जुलै २००६ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ द्रवरूप हायड्रोकार्बनची सरोवरे सापडली. पृष्ठभागावर द्रवाचे स्थिर साठे असलेला पृथ्वीव्यतिरिक्त टायटन हा एकमेव ज्ञात पिंड आहे. तेथे मिथेनचे ढग बनतात, पाऊस पडतो, नद्या वाहतात आणि समुद्र भरतात. पृथ्वीवरील जलचक्राशी साम्य असलेले हे चक्र पूर्णपणे वेगळ्या रसायनावर चालते. 'लायजिया मेर' या समुद्राची खोली काही ठिकाणी १६० मीटर वा त्याहून अधिक असल्याचे रडारच्या परावर्तित लहरींवरून मोजता आले.

=== एन्सेलाडस ===

एन्सेलाडसचा व्यास जेमतेम ५०० किमी आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच्याजवळून जाताना चुंबकीय क्षेत्रमापकाला शनीच्या चुंबकीय रेषा उपग्रहाभोवती किंचित वाकलेल्या आढळल्या, जणू तेथे वातावरण असावे. या उपकरणाच्या गटप्रमुख मिशेल डॉहर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक जवळून उड्डाण करण्याची विनंती केली. त्यानुसार जुलै २००५ मधील उड्डाणाचे अंतर सुमारे १,००० किमीवरून १७५ किमीपर्यंत कमी करण्यात आले.

या उड्डाणात तीन वेगवेगळ्या उपकरणांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले. अवरक्त उपकरणाला दक्षिण ध्रुवाजवळील लांब भेगा अनपेक्षितपणे उबदार आढळल्या, वस्तुमान वर्णपटमापकाने पाण्याची वाफ नोंदवली आणि धूलिकण विश्लेषकाने बर्फाचे कण टिपले. नोव्हेंबर २००५ मधील छायाचित्रांत या भेगांतून अंतराळात उडणारे फवारे स्पष्ट दिसले. शनीचे विरळ असे ई-कडे याच फवाऱ्यांतील कणांनी बनत असल्याचे सिद्ध झाले.

त्यानंतर मोहिमेच्या आखणीत एन्सेलाडसला अग्रक्रम मिळाला. पुराव्यांची साखळी टप्प्याटप्प्याने पूर्ण होत गेली :

* २००९ : ई-कड्यातील बर्फकणांत सोडियमचे क्षार आढळले. खडकाच्या संपर्कात असलेल्या द्रव पाण्याचा हा निर्देश होता.
* २०१४ : गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून दक्षिण ध्रुवाखाली पाण्याचा साठा असल्याचे दिसले.
* २०१५ : उपग्रहाच्या परिवलनातील सूक्ष्म डोलण्यावरून हा साठा संपूर्ण कवचाखाली पसरलेला महासागर असल्याचे ठरले. बर्फाचे कवच गाभ्याला घट्ट चिकटलेले असते, तर डोलणे इतके मोठे नसते.
* २०१५ : सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवरून महासागराच्या तळाशी ९० अंश सेल्सियस वा त्याहून गरम पाणी असावे, असे अनुमान काढण्यात आले.
* २०१७ : ऑक्टोबर २०१५ मध्ये केवळ ४९ किमी उंचीवरून केलेल्या उड्डाणात फवाऱ्यांत हायड्रोजनचे रेणू सापडल्याचे जाहीर झाले. पृथ्वीच्या महासागरतळाशी काही सूक्ष्मजीव अशाच हायड्रोजनपासून ऊर्जा मिळवतात.

द्रव पाणी, रासायनिक ऊर्जा आणि कार्बनी पदार्थ या तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्यामुळे एन्सेलाडसची गणना जीवसृष्टीला पोषक ठरू शकणाऱ्या ठिकाणांत होऊ लागली. तेथे जीवसृष्टी असल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही. कॅसिनीवरील उपकरणे त्या शोधासाठी बनवलेली नव्हती.

=== शनी आणि त्याची कडी ===

शनीला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. मोहीम दोनदा वाढवल्यामुळे कॅसिनीला जवळजवळ अर्धे शनीवर्ष, म्हणजे उत्तर गोलार्धातील हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतचा काळ, पाहता आला. उत्तर ध्रुवाभोवतीच्या षट्कोनी वायुप्रवाहाचे तपशीलवार निरीक्षण झाले. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेले एक वादळ वाढत जाऊन त्याने संपूर्ण ग्रहाला वेढा घातल्याचेही यानाने पाहिले.

ऑगस्ट २००९ मध्ये, शनीवरील विषुवदिनाच्या सुमारास, सूर्यकिरण कड्यांच्या कडेवर पडले. अनेक ठिकाणी केवळ दहा मीटरच्या आसपास जाडी असलेल्या या कड्यांत काही भाग २.५ किमीपर्यंत उंच उठलेले असल्याचे त्यांच्या लांब सावल्यांवरून कळले.

शनीच्या दिवसाची लांबी ठरवणे दीर्घकाळ अवघड राहिले होते, कारण ग्रहाचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. कड्यांमध्ये उमटणाऱ्या लहरींच्या अभ्यासातून २०१९ मध्ये हा काळ सुमारे १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद असल्याचे निश्चित करण्यात आले.

== मोहिमेचा शेवट ==

२०१० च्या दशकात यानाचे इंधन संपत आले. इंधन संपल्यावर यानाची दिशा नियंत्रित करता आली नसती आणि ते कधीतरी टायटन वा एन्सेलाडसवर आदळण्याची शक्यता उरली असती. प्रक्षेपणापूर्वी यान पूर्णपणे निर्जंतुक केलेले नव्हते. त्यावर तग धरून राहिलेले पृथ्वीवरील सूक्ष्मजीव या उपग्रहांवर पोहोचले असते, तर तेथे पुढे जीवसृष्टी आढळल्यास ती मूळची की पृथ्वीवरून नेलेली, हे ठरवणे कठीण झाले असते. अशा दूषितीकरणापासून इतर पिंडांचे रक्षण करणे हे ग्रहसंरक्षणाचे तत्त्व अंतराळ संस्थांनी स्वीकारलेले आहे. म्हणून यान कार्यरत असतानाच ते शनीमध्ये विसर्जित करण्याचा निर्णय घेण्यात आला.

एप्रिल २०१७ मध्ये टायटनच्या गुरुत्वाकर्षणाने यानाची कक्षा बदलण्यात आली. त्यानंतर यानाने शनी आणि त्याची सर्वांत आतील कडी यांच्यामधील सुमारे २,००० किमी रुंदीच्या पट्ट्यातून २२ फेऱ्या केल्या. या भागात पूर्वी कोणतेही यान गेले नव्हते. या फेऱ्यांतून कड्यांचे एकूण वस्तुमान मोजता आले. ते शनीच्या मिमास या लहान उपग्रहाच्या सुमारे ४० टक्के भरले. त्यावरून कडी शनीइतकी जुनी नसून १ ते १० कोटी वर्षांपूर्वी तयार झाली असावीत, असे मत काही संशोधकांनी मांडले. या निष्कर्षाबाबत शास्त्रज्ञांमध्ये अद्याप मतभेद आहेत.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी यान शनीच्या वातावरणात शिरले. अँटेना पृथ्वीच्या दिशेने रोखून धरण्यासाठी त्याचे लहान इंजिन अखेरपर्यंत झगडत होते आणि त्या काळात वातावरणातील वायूंची मोजमापे थेट पृथ्वीकडे येत होती. शेवटचा संदेश भारतीय प्रमाणवेळेनुसार सायंकाळी ५ वाजून २५ मिनिटांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्रात मिळाला. संदेशाला पृथ्वीवर येण्यास सुमारे ८३ मिनिटे लागत असल्यामुळे प्रत्यक्षात तोपर्यंत यान नष्ट होऊन तासाहून अधिक काळ लोटला होता.

== महत्त्व आणि वारसा ==

नासाच्या नोंदीनुसार कॅसिनीने शनीभोवती २९४ प्रदक्षिणा केल्या, ४,५३,०४८ छायाचित्रे घेतली आणि ६३५ गिगाबाइट शास्त्रीय माहिती पाठवली. नामकरण झालेले सहा उपग्रह या मोहिमेत शोधले गेले. २७ देशांतील शास्त्रज्ञ व अभियंते तीत सहभागी होते.

मानवरहित यानांच्या इतिहासात या मोहिमेचे वेगळेपण तिच्या दीर्घ मुक्कामात आहे. एखाद्या उड्डाणात अनपेक्षित काही आढळले, तर पुढील उड्डाणाचा मार्ग, अंतर व उपकरणांचा क्रम बदलून त्याचा पाठपुरावा करणे तिला शक्य झाले. केवळ जवळून निघून जाणाऱ्या यानाला एन्सेलाडसची गोष्ट बहुधा पहिल्या संशयावरच सोडावी लागली असती.

कॅसिनीने पाठवलेल्या माहितीचे विश्लेषण मोहीम संपल्यानंतरही सुरू आहे. धूलिकण विश्लेषकाच्या जुन्या नोंदींतून २०२३ मध्ये एन्सेलाडसच्या बर्फकणांत फॉस्फेट असल्याचे दाखवण्यात आले. ज्ञात जीवसृष्टीसाठी फॉस्फरस हे अत्यावश्यक मूलद्रव्य आहे. टायटनच्या पुढील अभ्यासासाठी नासाने ड्रॅगनफ्लाय ही मोहीम आखली असून तिचे प्रक्षेपण २०२८ मध्ये नियोजित आहे. टायटनच्या दाट हवेत उडत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारे हे यान हायगेन्सने एकाच जागी पाहिलेल्या पृष्ठभागाचे रसायन अनेक ठिकाणी तपासणार आहे.